नुरुंजीची आंघोळ

तुम्ही खोटं बोललात. खांबावरच्या भोंग्यातून, सकाळी लोक भाताच्या वाट्या घेऊन बसलेले असताना, गळा साफ करून, 'ग्रामस्थहो' म्हणून खोटं बोललात. म्हणे ही पिवळी वाळू आहे, लांबच्या वाळवंटातून वाऱ्यावर येते, दर वर्षीच येते. रांजणांवर झाकणं ठेवा, अंगण धुवा, पाण्यानं निघून जाते, घाबरू नका. अहो, पिवळी वाळू येते वसंतात. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. ही आली हिवाळ्याच्या तोंडावर, कोबी मिठात घालायच्या दिवसांत, आणि पिवळी तर नव्हतीच. चुलीतल्या राखेत कुणी आरसा कुटून मिसळावा तसा तिचा रंग होता. खाडीपलीकडचं तुमच्या कारखान्याचं धुराडं भोंग्याच्या खांबावरून सरळ दिसतं. तिकडं पाठ करून तुम्ही कागद वाचलात.

आणि यांगिमनं तुमच्यावर विश्वास ठेवला. पाण्यानं निघतं असं कुणी म्हटलं, की ती विश्वास ठेवायचीच. तिचा सगळा जन्म पाण्यात गेला होता.

"सोनहीची आई! ए सोनहीची आई! मेलीस का आत?"

ह्वाजाचा आवाज न्हाणीघराच्या फरश्यांवर आपटत आत आला. गावातलं बायकांचं न्हाणीघर ह्वाजाच्या मालकीचं. आज सुट्टीचा वार, हौद रिकामा, आणि आतून कुणीतरी तान्हं पोर उलटं टांगल्यासारखं केकाटत होतं.

"मांजर धुतेय," यांगिम ओरडली.

"काय धुतेयस?"

"मांजर!"

ह्वाजा चपला घालूनच आत आली. एरवी कुणी असं केलं असतं तर तिनं त्या चपलेनंच त्याला हाणलं असतं. यांगिम जमिनीवर फतकल मारून बसली होती, कामावर घालायच्या काळ्या आतल्या कपड्यांत. समोर किमचीचा कोबी भिजवायचा लाल रबरी टब. टबातून वाफा येत होत्या आणि वाफेत नुरुंजी. भाताच्या तळाशी लागलेल्या खरपुडीच्या रंगाची मांजर, म्हणून नुरुंजी. आता ती मांजर दिसत नव्हती, भिजलेला पायमोजा दिसत होती.

"देवा रे! उद्या कुणा बाईच्या तोंडात केस गेला तर काय सांगू? म्हणू, घ्या, आज आंघोळीवर मांजर फुकट?"

"हौदात नाही टाकलं. टबात आहे."

"टाकून तर बघ. तुलाच टेबलावर पालथी घालून सालटी काढीन."

"तुला काढता येते होय सालटी? गल्ला सांभाळ तू."

यांगिमचं काम सालटी काढण्याचंच होतं. बायका यायच्या, गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसायच्या. बोटांच्या सुरकुत्या पडल्या की एकेक जण यांगिमच्या टेबलावर येऊन आडवी व्हायची. मग यांगिम हातात खरखरीत हिरवा पंजा चढवायची आणि मानेपासून टाचेपर्यंत मळाच्या वळ्या काढायची. 'भिजवलं की मळ आपणहून शरण येतो,' हे तिचं एकुलतं एक तत्त्वज्ञान. नवरा बोटीबरोबर गेला, मुलगी सोनही शहरात नांदायला गेली, तिचं तत्त्वज्ञान काही बदललं नाही. गावातली प्रत्येक पाठ तिला माहीत होती. कुणाच्या पाठीवर नवऱ्याच्या हाताचे वळ आहेत, कुणाच्या पोटावर टाके आहेत, कोण झिजत चाललंय. ती कधी कुणाला काही बोलली नाही. कोमट पाण्याची बादली अंगावर ओतायची आणि पाठीवर एक थाप मारायची. झालं, उठा.

तिनं नुरुंजीलाही तसंच धरलं होतं. आधी भिजवलं. माणसाला सोसेल इतक्या कढत पाण्यात. मग साबण, मग हिरवा पंजा.

या उद्योगाला कारण होतं. मासळीवाल्या बाईचा बोका मेला होता. ती टेबलावर पडल्या पडल्याच सांगत होती, "आधी मान हलवायला लागला गं. देवळात म्हातारे जप करताना हलवतात ना, तश्शी. मग तोंडातून लाळ. मग होडीखाली जाऊन पडला तो उठलाच नाही." मग शिंपिणीची मांजर गेली. मग बसथांब्यामागची सगळी भटकी पिलावळ. लोक म्हणाले, मांजरांची साथ आलीय. यांगिम म्हणाली, मळ आहे. तिला सगळ्या रोगांत आधी मळ दिसायचा, आणि या खेपेला तिला बरोबर दिसला होता.

नुरुंजीचा मुक्काम गच्चीवर. तिथं यांगिमचे सोयाचे आणि मिरचीचे रांजण ओळीनं उभे होते. उन्हानं झाकणं तापली की नुरुंजी त्यांवर पोट टेकून झोपायची. यांगिम रोज सकाळी झाकणं पुसायची. रोज फडकं काळं व्हायचं आणि काळ्यात चमचम असायची.

टबातलं पाणीही तसंच झालं. राखाडी, वर मासळीच्या खवल्यासारखी चकाकी.

"बघ," यांगिम फुशारकीनं म्हणाली. "निघालं की नाही?"

सोडल्याबरोबर नुरुंजी तीरासारखी सुटली आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या, खालून तापवलेल्या जमिनीवर जाऊन बसली. खांद्यापासून तिनं चाटायला सुरुवात केली. खांदा, बगल, पोट, मांडी. रागारागानं, एकही केस न सोडता.

"कशी शहाण्यासारखी अंग पुसतेय," ह्वाजा म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरी आहे. तू मेली केस ओलेच ठेवतेस."

दोघी हसल्या. दोघींनी उकडलेली अंडी एकमेकींच्या कपाळावर फोडून खाल्ली. तिकडं नुरुंजी चाटतच होती.

मग यांगिमनं तो रोजचा नेमच केला. काम संपलं की टब, कढत पाणी, पंजा. तिच्या दंडांवर ओरखड्यांची जाळी झाली. गिऱ्हाइकं विचारायची, "काय गं, या वयात कुणी चावतंय?" ती म्हणायची, "तुझा नवरा." पण नुरुंजीच्या पोटावरचे केस गळाले, आतली कातडी भाजल्यासारखी लाल झाली. एका सकाळी तिनं वाळवलेल्या मांदेलीची डोकी हुंगली आणि तोंड फिरवलं. मांदेलीची डोकी! त्यांच्यासाठी ती एकदा ह्वाजाच्या अंगावरून उडी मारून गेली होती.

बसथांब्याच्या गल्लीत प्यॉन नावाचा जनावरांचा डॉक्टर होता. तरुण, केस विस्कटलेले, बोलताना हसायची सवय.

"काकू, हिला काय केलंत?"

"आंघोळ घातली."

"केव्हा?"

"रोजच घालते."

तो हसला. "अहो, मांजराला आंघोळ नसते घालायची. ते आपलं आपण करतं. वर्षात एखाद्या वेळी घातली तर घातली, नाही घातली तरी चालतं. पाणी किती गरम होतं?"

"हौदातलं."

"म्हणजे माणसांच्या हौदातलं? आणि चोळलंत कशानं?"

यांगिमनं हाताचा पंजा करून दाखवला. डॉक्टरला हसू आवरेना. ती ओशाळून हसली. मग तो तिला समजावू लागला, जिभेला पाठ असलेलं सांगावं तसं. पाणी कोपराला लागेल न लागेल असं कोमट. टबाच्या तळाशी टॉवेल, पाय घसरला की ते घाबरतं. तोंडावर पाणी नको, कानात नको. चोळायचं नाही, केसांच्या दिशेनं हात फिरवायचा. साबण राहता कामा नये. आणि कोरडं होईपर्यंत थंडीत सोडायचं नाही. "पण हे सगळं कधी? अंगाला असं काही लागलं असेल, की जे पोटात जाता कामा नये. रंग, तेल, औषध. कारण काकू, मांजराच्या अंगावर जे पडतं ते शेवटी त्याच्या पोटातच जातं. हिच्या अंगाला तसं काही..."

तो थांबला. टेबलावर पांढरा कागद पसरलेला होता आणि नुरुंजी जिथं बसली होती तिथं कागद चमकत होता.

"धूळ आहे," यांगिम म्हणाली. "पिवळी वाळू. भोंग्यावर सांगितलं."

"हो. सांगितलं."

"ती पोटात गेली तर चालते का?"

डॉक्टरनं कागदाची घडी घातली. उलगडली, परत घातली, उगीचच. "मी एकदा गेलो होतो कारखान्याच्या कचेरीत विचारायला. मासळीवाल्या काकूंच्या बोक्यानंतर. मला म्हणाले, तुम्ही जनावरांचे डॉक्टर ना? मग जनावरांपुरतं बघा." आता तो हसत नव्हता. "हिला घरात ठेवा. बाहेर सोडूच नका. मग आंघोळही नको."

यांगिम बॉयलरच्या खोलीमागच्या एका खोलीत राहायची. तिनं खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. दाराखाली ओलं फडकं कोंबलं. नुरुंजी दारापाशी बसून ओरडायची, पडदे ओरबाडायची, गच्चीच्या जिन्याकडं तोंड करून शिव्या घालायची. यांगिम तिला म्हणायची, "ओरड. मीही पहिल्या वर्षी सासरी अशीच ओरडत होते." हळूहळू पोटावरची लाली गेली. मऊ, बाळाच्या जावळासारखे केस फुटले. मांदेलीची डोकी संपायला लागली. यांगिमनं शहरात लेकीला फोन करून सांगितलं, जिंकले बघ. लेक म्हणाली, "आई, मी आजारी पडले होते तेव्हा तू एवढं नव्हतं केलंस." "तुला चाटायची खोड नव्हती," यांगिम म्हणाली.

संध्याकाळी काम आटोपून ती तापल्या जमिनीवर आडवी व्हायची. नुरुंजी येऊन तिच्या दंडाला टेकायची आणि चाटायला लागायची. मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून परत. दिवसभराच्या घामाचं मीठ. ती खरखरीत जीभ यांगिमच्याच हिरव्या पंजासारखी लागायची. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना चोळलं होतं. आता तिला कुणीतरी चोळत होतं. ती डोळे मिटून पडून राहायची. कधीकधी झोप लागायची.

आणि मग एके दिवशी नुरुंजीच्या हनुवटीवरून लाळ लोंबली.

"बाहेर गेली असेल," ह्वाजा म्हणाली.

"नाही गेली."

"खिडकी उघडी राहिली असेल."

"नाही राहिली, म्हणतेय ना!"

"बरं बाई. माझ्यावर का खेकसतेस?" ह्वाजानं तिच्याकडं बघितलं. "चल, आज सुट्टी आहे. तुझी पाठ चोळून देते. किती वर्षांत कुणी चोळली नसेल. तुझी तू तरी कशी चोळणार?"

"तुला येत नाही."

"झोप मुकाट्यानं."

यांगिम पहिल्यांदाच आपल्या टेबलावर पालथी पडली. ह्वाजानं पंजा चढवला आणि मारकुट्या बाईसारखी घासायला लागली. "अगं हळू! भांडं आहे का मी?" "गप गं." मग ह्वाजाचा हात थांबला.

"काय झालं?"

"तू रोज आंघोळ करतेस ना गं?"

"मी दिवसभर पाण्यातच असते, बये."

"मग हे काय?"

यांगिमनं मान वळवली. टेबलाच्या गुलाबी प्लास्टिकवर मळाच्या वळ्या पडल्या होत्या. मळ असतो राखाडी, तिनं आयुष्यभर बघितला होता. या वळ्या काळ्या होत्या आणि दिव्याखाली लुकलुकत होत्या. तिनं उठून आपला दंड बघितला. नखांच्या मुळाशी बघितलं. कोपराच्या घडीत, पंजाच्या विणीत. सगळं गाव अंगावर धूळ घेऊन तिच्या टेबलावर येत होतं आणि हलकं होऊन घरी जात होतं. ती धूळ कुठं जात होती? ती मोरीकडं जाता जाता आधी यांगिमच्या अंगावरून जात होती.

आणि संध्याकाळी नुरुंजी तिला चाटून स्वच्छ करत होती.

नळ ठिबकत होता तो ह्वाजानं बंद केला.

त्यानंतर यांगिमनं स्वतःला इतकं घासलं, की दंडांतून रक्त आलं. घरात ती लांब बाह्यांचा सदरा घालून, रबरी हातमोजे चढवून वावरू लागली. नुरुंजी जवळ आली की पायानं लांब सारायची. तिला ते कळेना. ती पांघरुणाबाहेर बसून हाका मारायची. जवळ यायची, रबराचा वास घ्यायची आणि मागं सरायची. हाकलायचं तरी कसं, जिला बोलावून बोलावून सवय लावली तिला? एकदा यांगिम भिंतीकडं तोंड करून पडली असताना ती मागून आली आणि तिनं मानेमागचे केस चाटले. यांगिम किंचाळली. नुरुंजी कपाटाखाली गेली. तिथून तिचे डोळे दिसायचे आणि डोळे हळूहळू हलायचे. खाली, वर. खाली, वर. मान हलायला लागली होती.

त्याच आठवड्यात तुमचा माणूस समाजमंदिरात आला. स्वच्छ बूट, मऊ आवाज. घरटी एक टॉवेल आणि एक साबण वाटला. टॉवेलवर निळ्या अक्षरांत छापलेलं: स्वच्छ गाव, सुखी गाव. मासळीवाल्या बाईनं उठून विचारलं, मांजरं का मरतात? तो हसून म्हणाला, "काकू, मांजरंही म्हातारी होतातच की." लोक हसले. गावप्रमुखानं टाळ्या वाजवल्या म्हणून इतरांनीही वाजवल्या. यांगिमनं रांगेत उभं राहून दोन्ही हातांनी टॉवेल घेतला, कमरेत वाकली आणि 'उपकार झाले' म्हणाली. तिला विचारायचं होतं. तिच्या तोंडाला कोरड पडली होती.

नुरुंजी सकाळी गेली. कपाटाखाली, पाय ताणून, तोंड उघडं. जीभ बाहेर होती आणि जिभेच्या काट्यांमध्ये चमचम अडकली होती.

यांगिमनं रानदवण्याचा पाला उकळत ठेवला. गावात माणूस गेलं, की त्याला त्या पाण्यानं पुसून काढतात. पाणी निवत ठेवून तिनं कोपर बुडवून बघितलं. मग लाल टबाच्या तळाशी टॉवेल अंथरला. आता पाय घसरणार नव्हते, तरी अंथरला.

ह्वाजा दारात उभी होती. तिनं चपला काढल्या. "हौदापाशी कर," ती म्हणाली. "तिथं ऊन येतं. आज न्हाणीघर बंद आहे म्हणून सांगते."

पहिल्यांदाच नुरुंजीनं ओरबाडलं नाही. यांगिमनं हातमोजे काढून टाकले. पंजा घेतला नाही. केसांच्या दिशेनं हात फिरवत राहिली, मानेवरून, पाठीवरून, शेपटीच्या टोकापर्यंत. कानात पाणी जाऊ दिलं नाही. ओठांच्या कडा बोटानं पुसल्या. कोरडं होईपर्यंत मांडीवर घेऊन बसली. शेवटी तिनं नकळत पाठीवर एक थाप मारली. झालं, उठ. आणि मग ती रडली. ह्वाजा भिंतीकडं बघत राहिली.

दोघींनी तिला टेकडीवर ओकाच्या झाडाखाली पुरलं. परत आल्या तर टब तसाच होता. राखाडी पाणी, वर मासळीची चकाकी.

"ओत आता," ह्वाजा म्हणाली.

यांगिमनं टबाची कड उचलली. आणि तशीच धरून राहिली.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? मोरीत."

"मोरी कुठं जाते गं?"

ह्वाजाला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मोरी जाते नाल्यात, नाला जातो बांधाच्या दारातून खाजणात. त्या खाजणात बायका गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या वेचतात. संध्याकाळी त्याच तिसऱ्यांचं कालवण घरोघरी शिजतं.

"मग गच्चीवर ओत. सुकून जाईल."

"आणि वारा आला की?"

ह्वाजानं खाली वाकून टबाची दुसरी कड धरली.

गावातून दोन बायका लाल टब घेऊन चालल्या. पाणी हिंदकळू नये म्हणून हळू, पावलात पाऊल मिळवून, ठेवणीतले कपडे घालून देवळात चालल्यासारख्या. यांगिमच्या अंगावर अजून कामाचेच काळे कपडे होते, वरून ह्वाजाचा जाड कोट. शिंपीण दुकानातून बाहेर आली. मासळीवाल्या बाईनं सुरी खाली ठेवली. दोघी मागोमाग निघाल्या.

गावातल्या तुमच्या कचेरीतल्या पोरीनं टेबलावरून वाकून बघितलं. "आजी, हे काय आणलंत?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"मांजर धुतलेलं."

"मग ते इथं कशाला? ओतून द्या ना बाहेर."

"कुठं?"

पोरगी गोंधळली. आतून तोच स्वच्छ बुटांचा माणूस आला. त्यानं टबात बघितलं, मग यांगिमच्या खरडलेल्या दंडांकडं बघितलं, आणि एक पाऊल मागं गेला. बस्स, एकच पाऊल. ते ह्वाजानं बघितलं, दारात जमलेल्या बायकांनी बघितलं, यांगिमनंही बघितलं.

"आजी, साहेब आज नाहीत," तो म्हणाला. "हे घेऊन जा, उद्या या."

यांगिम भिंतीजवळच्या बाकावर बसली. टब पायाशी ओढून घेतला. ओले हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ सरळ केली. ह्वाजा तिच्या शेजारी बसली. मग मासळीवाली आत आली आणि तीही बसली.

"मला घाई नाही," यांगिम म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण कोरडा पडला नव्हता. "न्हाणीघर आज बंद आहे. तुम्ही शिकलेली माणसं. पाण्यानं निघतं म्हणालात, ते खरंच आहे, निघालं. हे बघा, इथं आहे. आता पुढचं सांगा. आमच्या खाजणात नको, आमच्या गच्चीवर नको, टेकडीवरच्या झाडाला नको. मग हे कुठं ओतू? तुमच्या घरात चालेल?"